स्मशान खात्यातल्या माणसाचं विकिपीडिया पान

परवा भाच्याशी फोनवर पाऊण तास भांडलो. विषय ऐकलात तर हसाल. इंग्लंडमधल्या एका गावाच्या कौन्सिलमध्ये दफनभूमी सांभाळणारा अधिकारी, केन वेस्ट नावाचा, याला विकिपीडियावर स्वतंत्र पान असावं की नसावं! बायको शेवटी किचनमधनं ओरडली, अहो जेवण गार झालं, तो माणूस तुमचा कोण लागतो.

लागत कोणीच नाही. पण मी स्वतः नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे या खात्यातल्या माणसाबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते म्हणा ना. आणि भाचा आमचा पुण्यात आयटीत, लोक रात्री वेबसिरीज बघतात तर हा दुसऱ्यांच्या पानांवर 'संदर्भ हवा' असे शिक्के मारत बसतो. चांगलंच काम करतो, त्यात वाद नाही. कुठल्यातरी तालुक्यातले कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान वगैरे स्वतःचं पान स्वतःच बनवतात, फ्लेक्सवरची भाषा जशीच्या तशी, त्याला हा 'पानकाढा' लावतो, म्हणजे हे पान काढून टाका असा शिक्का, आणि मग यालाच शिव्या पडतात.

तर केन वेस्ट. कार्लाइल हे इंग्लंडच्या उत्तरेला, स्कॉटलंडच्या हद्दीजवळचं गाव. तिथल्या कौन्सिलच्या दफनभूमीत 1993 साली यांनी एक तुकडा वेगळा काढला. तिथं पुरायचं तर अंगात रसायनं भरलेली नकोत, पेटी कुजणारी हवी, वर दगड नाही, संगमरवर नाही, झाड लावायचं, ओकचं. बास. त्याला वुडलँड बरिअल म्हणतात, मराठीत वनदफन म्हणा. आज ब्रिटनमध्ये अशा जागा दोनशेच्या वर आहेत. त्या माणसाला पुढे एमबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान पण मिळाला, म्हणजे राणीच्या सरकारनं तरी दखल घेतली.

भाच्याचं म्हणणं असं, मामा तुमच्या भावना समजल्या पण उल्लेखनीयता भावनेवर ठरत नाही, त्या माणसाशी संबंध नसलेल्या लोकांनी, चांगल्या ठिकाणी, त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं पाहिजे, एकदा नाही दोनचारदा. त्यानं स्वतः नैसर्गिक दफनावर पुस्तक लिहिलंय ते धरायचं नाही, त्याच्या संस्थेच्या पत्रकात आलंय ते धरायचं नाही, बातमीत त्याचं एक वाक्य छापलंय तेही नाही. 'नैसर्गिक दफन' या लेखात दोन ओळी टाकू, विषय संपला.

नियम मला पटतो. खरंच पटतो. नाहीतर उद्या मीही पान बनवीन, थोर दाखला-वाटप-महर्षी म्हणून. पण या नियमात एक गंमत आहे जी खिडकीच्या या बाजूला बसलेल्यालाच कळते. सरकारी नोकरानं काही नवीन केलं तर ते कुठं लिहिलं जातं? टिपणीत. ठरावात. दरपत्रकात एक नवीन ओळ येते, फॉर्मवर एक नवीन रकाना येतो. साहेबाचं नाव खाली सहीत, तेही वाचता येत नाही असं. पेपरवाला येतो तेव्हा तो झाडाचा फोटो काढतो आणि जिनं आपल्या आईला तिथं पुरलं त्या बाईची मुलाखत घेतो, आणि त्यात काही चूक पण नाही.

याउलट अमेरिकेत बघा. साउथ कॅरोलायनात बिली कॅम्पबेल नावाचे डॉक्टर आणि त्यांची बायको किंबर्ली, यांनी 1998 ला रॅम्सी क्रीक म्हणून जागा सुरू केली, तिथं दफनाच्या पैशातनं जंगल राखायचं अशी आयडिया. फार सुंदर काम, मी नाव ठेवत नाही. पण खेड्यातला डॉक्टर, स्वतःची जमीन, ओढा, जंगल... ही स्टोरी आहे हो! पत्रकाराला आयती मिळते. कार्लाइलच्या माणसाकडे काय, तर कौन्सिलची जुनी दफनभूमी आणि गवत कापायचा खर्च. हो, गवत. तुम्हाला वाटेल क्षुल्लक, पण मोठी दफनभूमी सांभाळणाऱ्याला विचारा, वर्षानुवर्षं पैसा जातो तो त्या हिरवळीवर. या माणसाचं डोकं असं की काही भाग कापायचाच नाही, रानफुलं येऊ द्यायची, आणि थडग्यांच्या रांगांऐवजी झाडं असतील तर कापायला उरतंच काय. आता हे कोण पहिल्या पानावर छापणार?

इथपर्यंत भाचा ऐकत होता. मग मी जरा घसरलो, म्हणलं अरे तो आद्य प्रवर्तक आहे नैसर्गिक दफनाचा, जगातला पहिला. तिथं त्यानं मला बरोबर पकडलं. मामा, पहिला कसा? तुमच्या सोलापूरच्या घराशेजारचे आप्पा कसे गेले आठवा.

आठवलं. आप्पा लिंगायत. त्यांना मांडी घालून बसवलेलं, कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, खुर्चीत बसवून नेलं आणि रुद्रभूमीत खड्ड्यात तसंच बसवलं, बेलाची पानं टाकली, मीठ टाकलं, मग माती. पेटी नाही, खिळा नाही, काही नाही. मी तेव्हा नववीत असेन, मला वाटलेलं आप्पा आता उठून पाणी मागतील, इतके नीट बसलेले. मुसलमानांचं कफनातलं दफन, तेही पेटीशिवाय. आपल्याकडे तान्हं बाळ गेलं तर जाळत नाहीत, मातीतच ठेवतात. मग हे सगळे लोक अनैसर्गिक करत होते का?

आणि खुद्द इंग्लंडमध्ये सुद्धा आधी होऊन गेलाय एकजण. फ्रान्सिस सेमूर हेडन, सर्जन होता, त्यानं 1875 च्या सुमारास टाइम्सला पत्रं लिहून सांगितलं की जाड पेट्या बंद करा, मातीला तिचं काम करू द्या, आणि विणलेल्या करंड्यांचं प्रदर्शन भरवलं लंडनमध्ये, शवपेटी म्हणून! तेव्हा तिकडे दहनाची टूम निघाली होती, त्याच्या विरोधात हा. गंमत म्हणजे ज्ञानकोशात त्याला जागा मिळाली ती मुख्यतः एचिंगमुळे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, ती फार भारी काढायचा. करंड्या राहिल्या बाजूला.

तर 'पहिला' हा शब्द मी मागे घेतला. पण पान असावं हे मागे घेतलं नाही, उलट आता जास्त ठाम झालो. कारण हेडननं पत्रं लिहिली आणि पुढे शंभर वर्षं सगळं तसंच राहिलं, पेट्याही राहिल्या आणि दहनही वाढलं. वेस्टनं काय केलं तर ते कौन्सिलच्या दरपत्रकात आणलं. म्हणजे गावातली कुठलीही बाई खिडकीवर येऊन म्हणू शकते की मला हे नको, ते पाहिजे, आणि खिडकीवरच्या माणसाला 'असं काही नसतं, साहेबांना भेटा' म्हणता येत नाही. दुसऱ्या गावचा अधिकारी तेच कागद मागवून आपल्याकडे लावू शकतो. खिडकीवर बसलेल्याला विचारा हा फरक किती मोठा असतो. सुचतं सगळ्यांनाच, रकाना कोणी करत नाही.

आणि सविस्तर लिखाण नाही म्हणून पान नाही, या वादावर मी त्याला डॉना स्ट्रिकलंडची आठवण दिली. मे 2018 मध्ये तिचं पान नाकारलेलं, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून, आणि ऑक्टोबरात तिला भौतिकशास्त्राचं नोबेल. भाचा चिडला, म्हणे हे उदाहरण प्रत्येकजण देतो मामा, आणि त्यात दोष लिहिणाऱ्या बाहेरच्यांचा पण आहे, तिच्यावर कोणी लिहिलंच नव्हतं तर विकिपीडियानं काय हवेतनं आणायचं. हे पण खरंच आहे म्हणा. विकिपीडिया म्हणजे दाखला, दवाखान्यातनं फॉर्म आला नाही तर मी तरी कुठं नोंद करत होतो? कितीही रडले लोक तरी नाही करता यायची. वाईट वाटायचं, पण नाहीच.

शेवटी मांडवली अशी झाली की तो ब्रिटनमधली विद्यापीठातल्या लोकांची नैसर्गिक दफनावरची पुस्तकं शोधणार, त्यात वेस्टवर किती पानं आहेत बघणार, नुसतं नाव नको, पानं. सापडली तर लेख टाकायचा, मराठीत आधी, मग कोणी 'पानकाढा' लावला तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, बघून घेऊ. एमबीईचा उल्लेख एकदाच. 'थोर', 'आद्य', 'प्रणेते' यातलं काही नाही.

पहिलं वाक्य मी लिहून दिलंय. त्यात आता एकच भांडण उरलंय. भाच्याला हवंय 'शोकसेवा व्यवस्थापक', कारण इंग्रजीत तसला हुद्दा आहे. मी म्हणतोय अरे शोकसेवा काय, वाचणाऱ्याला वाटेल हा भाड्यानं रडायला जातो. सरळ लिही, कार्लाइलच्या दफनभूमीचे अधिकारी. अजून उत्तर आलेलं नाही, निळ्या टिका मात्र आल्यात.