वहीचे पान आणि घराचा करार

गेल्या दिवाळीत नागपूरला आलो तेव्हा घरात एकच विषय चालला होता: धाकट्या बहिणीने बेलतरोडीकडे घेतलेल्या प्लॉटवर घर कोणाकडून आणि कोणत्या बोलीवर बांधून घ्यायचे. मेहुण्यांचे म्हणणे असे की रेरा आल्यापासून बांधकामवाल्यांना धाक बसला आहे, तेव्हा फार चिंता नको. बाबांचे म्हणणे असे की ओळखीच्या ठेकेदारापुढे करारनामा ठेवणे म्हणजे त्याचा अपमान करणे. मी बारा वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो आणि तिथे स्वतः घर बांधून घेतले आहे. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात.

२०१६ चा रेरा कायदा विक्रीसाठी उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांचा आहे. फ्लॅट घेणाऱ्याला त्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दुरुस्त करून घेण्याचा हक्क मिळतो, पण स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधून घेणारा त्या कायद्याच्या बाहेरच राहतो. त्याच्या हाती उरतात १८७२ चा करार कायदा आणि ग्राहक आयोग. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवा असल्यामुळे आयोगाकडे जाता येते, तेही साधारणपणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मात्र कुठेही गेले तरी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: तुमचे ठरले काय होते?

दादाच्या मानेवाड्याच्या घराचे जे ठरले होते, ते हिशेबाच्या वहीतल्या एका पानावर मावले होते. चौरस फुटाला दर, आणि पाया, स्लॅब, प्लास्टर, चावी असे चार हप्ते. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यायचा की नाही, लोखंड कोणते, खोलीत विजेचे पॉइंट किती, यातले काहीच त्या पानावर नव्हते. लोखंडाचे भाव चढत आहेत असे सांगून ठेकेदाराने स्लॅबचा हप्ता स्लॅबच्या आधीच नेला. स्लॅब टाकला मे महिन्यात. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दादाने मला फोटो पाठवला: स्लॅबवर पोती अंथरलेली होती, पण ती पापडासारखी कडक वाळली होती आणि त्यावरून मिस्त्रीच्या चपलांचे पांढरे ठसे उमटले होते. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांचे ऊन. अशा कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे असे आपलेच भारतीय मानक, आयएस ४५६, सांगते. दादाने विचारले तेव्हा ठेकेदार म्हणाला, "पाणी मारणं घरमालकाकडे असते जी." त्याला खोटे ठरवणे कोणालाच शक्य नव्हते, कारण वहीचे पान त्यावर गप्प होते. त्यानंतर त्याची माणसे दुसऱ्या साइटवर गेली आणि प्लास्टरला पाच महिने लागले, कारण झालेल्या कामापेक्षा जास्त पैसा त्याच्याकडे आधीच पोचला होता.

जर्मन माणूस शिस्तीचाच असतो, आपल्याकडे ते कसे जमणार, असे मला नेहमी ऐकवले जाते. ते खरे नाही. तिथली नागरी संहिता १९०० पासून लागू आहे, पण संपूर्ण घर बांधून घेणाऱ्या सामान्य ग्राहकासाठीची वेगळी कलमे १ जानेवारी २०१८ पासूनच्या करारांना लागू झाली. त्यांनुसार कामाचे तपशीलवार लेखी वर्णन द्यावे लागते, काम पुरे होण्याची तारीख किंवा मुदत लिहावी लागते, आणि वर्णनात संदिग्धता राहिली तर तिचा अर्थ बांधणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. घर पाहून स्वीकारण्याआधी हप्त्यांची बेरीज एकूण रकमेच्या ९० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. हाती राहिलेल्या त्या शेवटच्या दहा टक्क्यांमुळे माझ्या घरातल्या गळक्या खिडकीची दुरुस्ती आठवड्यात झाली.

तिथेही सगळे उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. कामे सुटी करून वेगवेगळ्या कारागिरांना दिली तर या कलमांचे संरक्षण मिळत नाही, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर उत्तम करारही अपुरा पडतो. शिवाय न्हाणीघराचे दार दोन फूट सरकवायला मला नवे दरपत्रक, सही आणि तीन आठवडे लागले. मानेवाड्याला वहिनीने एका सकाळी मिस्त्रीला सांगून स्वयंपाकाचा ओटा पूर्वेच्या खिडकीखाली घेतला, आणि आज त्या घरातली सर्वांत सुंदर जागा तीच आहे. ही मोकळीक आपल्याकडून जाऊ नये असे मला मनापासून वाटते. तिच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर बदल, त्याचा दर आणि दोघांचा होकार एवढे लिहिलेले असले तरी पुरे. बाकीचे मात्र काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर यायला हवे.

प्लॉटधारकांनाही रेरासारखे छत्र मिळावे अशी मागणी होते आणि ती रास्त आहे. पण बहिणीचा पाया त्यासाठी थांबणार नाही. म्हणून आम्ही चार पानांचा मसुदा केला. त्यात प्रत्येक हप्ता काम झाल्यावर आणि आमच्या इंजिनिअरने मोजमाप केल्यावर द्यायचा आहे, दहा टक्के रक्कम चावी मिळाल्यानंतर सहा महिने राखून ठेवायची आहे, पाण्याची जबाबदारी ठेकेदाराची आहे, आणि पावसाळ्यात रेतीउपसा बंद असतो म्हणून तेवढ्या काळाची रेती आधीच साठवण्याचे कलमही आहे. ठेकेदाराने तो बाबांसमोर बसून शांतपणे वाचला, अपमान काही मानला नाही. त्याने दोन हरकती घेतल्या. लोखंडाचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला तर फरक मिळावा, ही आम्ही मान्य केली. राखून ठेवायची रक्कम पाच टक्के असावी, या दुसऱ्या हरकतीवर अजून बोलणे चालू आहे, आणि बाबा आता त्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त ठाम आहेत.