मागच्या सीटवर माझी आई बसणार आहे

"आजींना राहू द्या ना मॅडम सोफ्यावर. एसी आहे, चहा पाठवतो. आपण एक राउंड मारून येऊ."

आज दुपारी एका शोरूममध्ये हे ऐकलं आणि तेव्हापासून टाळकं सरकलंय. घरी येऊन तीन तास झाले. आई तिकडे निवांत पेपर वाचून राहिली आणि मी इथं धुसफुसत बसलीय. म्हणून लिहूनच काढते.

शोरूम कोणतं ते लिहिणार नाही. पोरगा विशी-पंचविशीतला होता, अदबीनं बोलत होता, त्याच्या पोटावर पाय आणायचा नाही मला. पण आईला मी तिथं चहा पाजायला नेलं नव्हतं, गाडीत बसवून पाहायला नेलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली पंचाहत्तरीची बाई मे महिन्यात भर दुपारी नागपुरात घराबाहेर पडते, ती काय सोफा पाहायला?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, मी गाडी घेऊन राहिले. तीन महिन्यांच्या चाळणीनंतर दोन नावं उरलीत, बीएमडब्ल्यूची एक्स वन आणि ऑडीची क्यू थ्री. सव्वीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, दर सप्टेंबरला ऑफिसातच रात्री काढल्या, तेव्हा कुठे हे पैसे जमलेत. मला जर्मन गाडी हवी आहे आणि ते सांगायला मला कसलाही संकोच नाही. "एवढ्यात मोठी सात सीटर आली असती" म्हणणारे आहेतच. आली असती, मान्य. पण प्रताप नगरच्या आमच्या बोळात ती वळवणार कोण? आणि उंच गाडी काहून पाहिजे, असं विचारणाऱ्यांनी २३ सप्टेंबर २०२३ ची सकाळ आठवावी. अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आपल्याच ओळखीच्या किती जणांच्या गाड्या पाण्यात होत्या.

माझा धंदाच आकड्यांचा, त्यामुळे मी एक्सेल शीट केली. बेचाळीस ओळी. क्यू थ्रीला दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, १९० हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ, आणि चारही चाकांना ताकद देणारं क्वाट्रो. एक्स वन पेट्रोलमध्ये घेतली तर दीड लिटर, तीन सिलिंडर, १३६ हॉर्सपॉवर. डिझेलमध्ये घेतली तर दोन लिटर, १५० हॉर्सपॉवर, पण टॉर्क ३६०. दोन्हींत ताकद फक्त पुढच्या चाकांना. क्यू थ्रीत डिझेलचा प्रश्नच नाही, २०२० मध्ये बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हाच ऑडीनं आपल्याकडे डिझेल बंद केलं. मग रोड टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५, म्हणजे ५० लाखांच्या गाडीवर एक लाखाचा फरक तिथंच पडतो. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेतलेला आयकर, तो रिटर्नमध्ये वळता होतो, त्याच्यासाठी कोणी रडू नका. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के झालाय. आधी सेस धरून ४५ ते ५० पडायचा, त्यामुळे मी थांबले ते बरंच झालं.

हे सगळं कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. मग काय, तीन दिवस नुसता धुरळा. क्यू थ्री ७.३ सेकंदांत शंभरला जाते, एक्स वनला नऊच्या आसपास लागतात. एक्स वनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२ मिलिमीटरनं जास्त आहे. बारा मिलिमीटर! पन्नाशीला आलेली माणसं बारा मिलिमीटरवरून रात्री साडेबारापर्यंत भांडली. त्या तीन दिवसांत एकानंही विचारलं नाही की मागे कोण बसणार आहे.

आणि खरं सांगते, मीही विचारलं नव्हतं. बेचाळीस ओळींत मागच्या सीटसाठी एक ओळ होती, तिच्यात मी लिहिलं होतं "ठीक".

डिसेंबरात मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, संभाजीनगरला. आम्ही पाच जण समृद्धी महामार्गानं निघालो, नात्यातल्या एकाच्या गाडीत. कोणती ते राहू द्या, या दोघींपैकी नव्हती, पण साधारण याच मापाची. आई म्हणाली, "मी बारीक आहे, मला मधे चालतं." आणि मधे बसली. मी पुढे बसले, कारण मला "गाडी कशी आहे" ते पाहायचं होतं. पाच तास मी पडदा पाहिला, आवाज ऐकला, १२० ला स्टेअरिंग किती घट्ट राहतं ते पाहिलं. मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

कार्यालयाच्या दारात उतरलो. सगळे उतरले, आई उतरेना. दोन हात सीटवर टेकवून तशीच बसलेली. भावानं काखेत हात घालून उभं केलं तर पाय सरळ होईनात. "काही नाही गं, मुंग्या आल्या," म्हणाली. आणि समोर वरपक्षाची माणसं आली तशी पदर सारखा करत त्यांना म्हणते, "गाडी छान आहे हो!"

रात्री तिच्या पायांना तेल लावायला बसले. मोज्याचं रबर घोट्यावर रुतून लाल खोल रेघ उमटली होती, वर पाऊल सुजलेलं. मोजे काहून घातले विचारलं तर म्हणाली, थंड हवा सरळ गुडघ्यावर येत होती. मागच्या लोकांसाठीचे एसीचे व्हेंट दोन पुढच्या सीटांच्या मधे असतात ना, ती हवा मधल्या माणसाच्या गुडघ्यावरच जाते. पाच तास. "मग बंद करायला सांगायचं नाही का?" तर म्हणे, "पोरांना गरम झालं असतं."

आज तो पोरगा सोफा दाखवू लागला तेव्हा मला ती लाल रेघच दिसली.

तर मी ऐकलं नाही. आईला घेऊन गाडीपाशी गेले. दुसऱ्या शोरूममध्येही तेच केलं. आई गाडीत कशी बसते ते मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं, लाज वाटते लिहायला. ती आधी पाठमोरी उभी राहते, एक हात दारावर, एक सीटच्या काठावर. मग हळूच बूड टेकते, साडीच्या निऱ्या गोळा करते आणि मग एकेक पाय उचलून आत घेते. डावा पाय हातानं उचलावा लागतो. दार किती उघडतं, उंबरठा किती रुंद आहे, सीट मांडीइतक्या उंचीवर आहे की खाली, यावर तिचं सगळं अवलंबून आहे. ब्रोशरमध्ये यातलं काही नाही.

एक्स वनच्या दाराचं हँडल पत्र्याशी सपाट आहे, दिसायला सुंदर. आईनं दोनदा बोटं घातली आणि मग माझ्याकडे पाहिलं. क्यू थ्रीचं जुन्या पद्धतीचं, मूठभर हातात येणारं, ते तिनं एका झटक्यात उघडलं. पण बसल्यावर एक्स वनमध्ये तिच्या मांड्यांना चांगला आधार मिळाला, चेहऱ्यावरच दिसलं. क्यू थ्रीच्या मागच्या सीटची पाठ मागे कलते, सीट पुढे-मागे सरकते, ते तिला फार आवडलं. "ट्रेनसारखं आहे गं," म्हणाली. मधे पायापाशी उंचवटा दोन्हींत आहे, क्यू थ्रीत क्वाट्रोमुळे जास्तच. पाच माणसांची गाडी म्हणून विकतात. त्या पाचव्या माणसाला पाय नसतात का हो?

आणि एसी. हे मला कोणाशी बोलावं तेच कळत नाही. एक्स वनमध्ये एसी कमी-जास्त करायला पडद्यावर बोट लावायचं, साधं बटण नाही. क्यू थ्रीत गोल फिरवायच्या खुंट्या आहेत, हाताला कळतात. मागून आई म्हणणार "थोडा कमी कर गं", आणि मी समृद्धीवर शंभरच्या वेगात रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर चित्र शोधू? ग्रुपवर एकानं उत्तर दिलं, "आवाजानं सांगायचं, ऐकते गाडी." ऐकत असेल. हौ, मान्य, ऐकत असेल. पण आईनं "कमी कर" म्हणायलाच पाच तास घेतले तर गाडी काय ऐकणार?

हे नागपूर आहे. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पाहिलेलं गाव. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर हात ठेवून पाहा एकदा. भाच्याच्या वीस लाखांच्या गाडीत सीटमधून थंड हवा येते आणि आज पाहिलेल्या या दोन्हींत ती सोय नव्हती. वर अख्खं छत काचेचं! युरोपात सूर्य दिसत नाही म्हणून त्यांना काचेचं छत लागतं, आम्हाला काहून? आणि टेस्ट ड्राइव्ह कशी, तर आधीच थंड करून ठेवलेली गाडी, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून दहा मिनिटांचा फेरा. मी म्हटलं, दुपारी दोनला द्या, तासभर उन्हात उभी केलेली द्या, वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन येते, आई मागे बसेल. तर म्हणे, "मॅडम, आमचा रूट ठरलेला असतो." अहो, पन्नास लाखांच्या वर रक्कम मोजणार मी, आणि रूट तुमचा?

भुईमुगाच्या शेंगा घेतानाही आपण चार फोडून खातो ना बुवा.

बरं. थोडी शांत झालेय आता. आईनं चहा आणून दिला मध्येच.

ग्रुपवर एक मैत्रीण म्हणाली, "चालवणार तू, रोज तू. आई महिन्यातून दोनदा बसणार. तिच्यासाठी एवढं काय?" हिशेब बरोबर आहे तिचा. चालवण्यातली मजा मलाही हवी आहे, क्यू थ्री पहिल्यांदा दाबली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. पण तुम्हीच सांगा, आपल्या घरांत आई काय महिन्यातून दोनदाची गोष्ट असते?

आई शाळेत शिकवायची. अकरा वर्षं नागपूर-कळमेश्वर एसटीनं अप-डाउन केलं. सुट्टीत आम्हाला कुठे न्यायची तेव्हा खिडकी माझी, खिडकीशेजारी भाऊ, आणि आई टोकाला अर्धी सीटवर, अर्धी हवेत. कोणी बाळ घेऊन चढलं की अजून सरकायची. माझी पहिली गाडी आली, सेकंडहँड अल्टो, तेव्हा ती मागे बसायची, मांडीवर स्टीलचा डबा, पायाशी संत्र्याची पिशवी. तेव्हाही सरकूनच बसायची, शेजारी कोणी नसतानाही. तिला पूर्ण सीटवर कसं बसायचं तेच माहीत नाही.

आज एका गाडीत, कोणत्या ते तिचं तिलाही आठवणार नाही, ती बसली, मी दार लावलं आणि पलीकडून येऊन शेजारी बसले. तर ती लगेच सरकली. दाराला चिकटली. म्हटलं, "आई, जागा आहे." म्हणाली, "हो गं, सवय." आणि मग हळूच मधला हात ठेवायचा दांडा खाली ओढला, त्यावर कोपर टेकवला, आणि काचेतून बाहेर पाहत राहिली. त्या पोराचा "मॅडम, निघायचं का" चालू होता. मी पाच मिनिटं उत्तरच दिलं नाही.

निघताना त्याच पोराला आई म्हणते, "गाडी छान आहे हो." दोन्हीकडे म्हणाली. एवढं सगळं पाहून तिच्याकडून मला निकाल मिळाला तो हा.

म्हणून तुमच्याकडे काम आहे. नागपुरात ज्यांच्याकडे एक्स वन डिझेल किंवा आत्ताची क्यू थ्री आहे, त्यांनी कृपा करून रविवारी दुपारी दोन तास मला द्या. फक्त मागच्या सीटवर बसायचं आहे, मला आणि आईला. गाडी तुम्हीच चालवा, एसी बंद करून अर्धा तास उन्हात ठेवलेली असली तर फारच उत्तम. वर्धा रोड, बुटीबोरी आणि परत. इंधन माझं, परतताना तर्री पोहे माझे. हॉर्सपॉवर सांगू नका, पाठ आहे मला. सर्व्हिसिंगला वर्षाला खरंच किती जातात, आणि खड्ड्यात मागच्या माणसाला किती आदळतं, तेवढं सांगा.

आणि आई मागे डाव्या दाराशी बसेल. मधे कोणी बसणार नाही.