मामा, यारिस म्हणजे पत्र्याचा डबा नव्हे

जर्मनीत स्टुटगार्टला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने 2021 सालची वापरलेली टोयोटा यारिस पसंत केली होती. सौदा जवळपास ठरला होता. तेवढ्यात मामांनी साताऱ्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज पाठवला: "युरोपात जपानी गाडीला कुणी विचारत नाही. पत्रा पातळ, अपघाताच्या चाचणीत नापास. सगळ्या जहाजाने येतात, तिथे काही बनत नाही." ताईने हातची गाडी सोडली. आता गप्प बसवत नाही.

आधी पत्र्याचं बोलू, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. नव्या गाड्या आदळवून पाहून त्यांना पाचपैकी तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2020 साली चाचण्या कडक केल्या. पूर्वी गाडी जागच्या जागी उभ्या अडथळ्यावर आदळवत. आता गाडी ताशी 50 किलोमीटरने जाते आणि 1400 किलोचा अडथळाही समोरून तेवढ्याच वेगाने येतो. बाजूने धडक बसली तर पुढचे दोघे एकमेकांवर आपटतात का, हेही पाहू लागले. या नव्या नियमांत सर्वांत आधी तपासली गेलेली गाडी यारिसच होती, आणि तिला पाच तारे मिळाले. दोन्ही पुढच्या सीटांच्या मधोमध उघडणारी एअरबॅग तिच्यात आहे. गाडीचं नाक चुरगळतं ते मुद्दाम. धक्का तिथेच जिरावा आणि माणसं बसतात तो सांगाडा शाबूत राहावा, यासाठी. दारावर टिचकी मारून गाडीची मजबुती ठरवणं आता तरी थांबवा.

सगळ्याच जपानी गाड्या अशा नाहीत, हेही खरं. 2024 मध्ये सुझुकी स्विफ्टला तीनच तारे मिळाले. पण म्हणून मॉडेल बघून घ्यायचं, देश बघून नाही.

'कुणी विचारत नाही' म्हणे! 2022 मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली नवी गाडी निसान कश्काई होती. 'युरोपियन कार ऑफ द इयर' हा मान यारिसने 2000 आणि 2021, असा दोनदा मिळवला. दाइहात्सु या जपानी कंपनीने 2013 मध्ये युरोपातून गाशा गुंडाळला आणि मित्सुबिशी तिथे रेनोच्या गाड्या आपला बिल्ला लावून विकते, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

आणि जहाज? कश्काई इंग्लंडात संडरलंडला बनते. यारिस 2001 पासून फ्रान्समध्ये व्हॅलेन्सिएनजवळ बनते; तिथून स्टुटगार्टला रस्त्याने एका दिवसात पोचता येतं. मामा, ती गाडी अजून विकली गेलेली नाही. ताईला आजच फोन करा.