मत्तयाचा पहिला अध्याय काढलाय, काका

नगरच्या आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका स्थळावरून रण माजलंय. मुलगा ख्रिस्ती, मुलगी ख्रिस्ती, दोघांचे पणजोबाही ख्रिस्ती. तरी ‘पण मूळचे कोण?’ हा प्रश्न आलाच. एका काकांनी तर कळस केला. म्हणे, देवानेसुद्धा वंशावळी जपल्या, बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा.

काढला. तो अध्याय आपल्याकडे नाताळातही कोणी धड वाचत नाही. येशूची वंशावळ ती, अब्राहामापासून नावं सुरू झाली की वाचणारा घाई करतो, आणि त्या घाईत चार बायका निसटतात. सासऱ्यापासून मुलं झालेली तामार. यरीहोची राहाब, परक्या कनानी लोकांतली आणि वर वेश्या. रूथ, तीही परकी, मवाब देशाची. चौथी बथशेबा, तिचं तर नावही मत्तय घेत नाही, ‘उरीयाची बायको’ म्हणतो. उरीया हित्ती, म्हणजे परक्या वंशाचा होता, हे आपण विसरू नये म्हणूनच, असं माझं मत. सारा, रिबका या थोर कुलमाता सोडून नेमक्या ह्या!

रूथचंच बघा ना. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असा बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात नियम. आणि ही मवाबी विधवा सासूबरोबर बेथलेहेमात येते, बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सांडलेली कणसं वेचते, त्याच्याशीच लग्न करते. तिचा पणतू दावीद राजा. दहा पिढ्या मोजायला कोणी थांबलंच नाही. काकांना पुरावाच हवा होता तर एज्राचं पुस्तक काढायचं. तिथे परक्या बायका पोराबाळांसकट घालवून दिल्यात. मत्तयाच्या वाटेला कशाला गेलात?

मी राहतो त्या जर्मनीत हा हिशेब एकदा पार शेवटपर्यंत मांडून झालाय. 1933 पासून सरकारी नोकरीसाठी आजी-आजोबांपर्यंतचा वंश ज्यू नसल्याचं सिद्ध करावं लागे. देशभर नागरी नोंदणी 1876 पासूनची. त्याआधीचं बघायचं तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. पाळक उतारे लिहून देत बसले. ज्यू म्हणून जन्मून पुढे बाप्तिस्मा घेतलेले आजोबा त्याच वह्यांत सापडले. ज्या पानावर माणूस देवाच्या घरात आला, त्याच पानाने नातवाला बाहेर काढलं. 1933 सालीच प्रशियाच्या प्रोटेस्टंट चर्चने ज्यू वंशाचे पाळक नकोत, असा ठरावही केला. इथल्या पोरांना हा इतिहास शाळेतच शिकवतात. नगरला मिशन 1831 साली आलं, पण कोण कुठल्या वाड्यातून आलं, हे आपल्याला अजून तोंडपाठ! वही उघडायचीही गरज नाही.

इथेही सगळं गोड नाही. उपासनेनंतर कॉफीला कोणी तरी आजीबाई विचारतातच, ‘कुठले तुम्ही?’ स्टुटगार्टचा म्हटलं की, ‘हो, पण मूळचे?’ मग मी पणजोबांचा बाप्तिस्मा काढतो. चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत आम्ही, हे जरा मान ताठ करूनच सांगतो, जणू त्यामुळे बाकावर माझी जागा पक्की होणार आहे. राहाबकडे सांगायला एकही पिढी नव्हती. आजीबाई ‘अच्छा, अच्छा’ करत केककडे वळतात.

चर्चचा कर मात्र दर महिन्याला माझ्याही पगारातून कापला जातो, आयकराच्या आठ टक्के. तिथे मूळचे कोण, हे अजून कोणी विचारलेलं नाही.