लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका

लावणीच्या विस्मृत कलावंतांबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सुरुवातीला सुंदराबाई जाधव, यमुनाबाई वाईकर, सुलोचना चव्हाण अशी नावं. मग ‘यांचे आवाज कायमचे नाहीसे झाले’ म्हणून हळहळ. आणि शेवटी सल्ले: माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड काढा, स्पिरिटने पुसा, वाकल्या असतील तर उन्हात ठेवा, कुठल्याही प्लेअरवर वाजवा, यूट्यूबवर टाका कारण जुन्या गाण्यांना कॉपीराइट नसतो, नाहीतर विका, लाखो रुपये मिळतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हा मेसेज ओळखीतल्या एका काकूंपर्यंत पोचला. त्यांच्याकडे सासऱ्यांनी जमवलेली रेकॉर्डची पेटी आहे आणि त्यांनी मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आणूनही ठेवली होती. म्हणून एकेक मुद्दा घेतो, आणि सगळ्यात घातक तो आधी.

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात. त्यात लाख जेमतेम पाव हिस्सा. बाकी दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू. ही सगळी पूड धरून ठेवते ती लाख. आता कुठल्याही जुन्या सुताराला विचारा, फ्रेंच पॉलिश कसं करतात? चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. म्हणजे मेसेज ज्याने पुसायला सांगतोय, तोच लाखेचा द्रावक आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला की लाख मऊ पडते, ज्यात आवाज कोरलेला असतो त्या खाचेच्या कडा बोथट होतात आणि फडकं काळं होतं. पुसणाऱ्याला वाटतं, केवढा मळ निघाला! तो मळ नसतो, रेकॉर्डच निघत असते. वाळल्यावर चकाकी जाऊन राखाडी डाग उरतात, आत दबलेले पुडीचे कण उघडे पडतात आणि पिन त्यावरून घासत गेली की गाण्यापेक्षा खरखर मोठी येते. यावर उपाय नाही. सॅनिटायझर, कोलन, आफ्टरशेव्ह यांतही अल्कोहोलच असतं, तेही नको.

हा सल्ला आला कुठून, तेही सांगतो. व्हिनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, एलपी रेकॉर्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून धुणारे पुष्कळ आहेत आणि व्हिनाइलला त्याने सहसा काही होत नाही. तेवढं खरं. पण ते लाखेला लावायचं नाही. आयासा या ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची टीसी-०४ ही मार्गदर्शिका जगभरचे संग्रह प्रमाण मानतात. लाखेच्या रेकॉर्डपासून अल्कोहोल लांब ठेवा, असं तीही सांगते.

मग धुवायची कशी? आधी ओळखा. जड, ताठ, टिचकी मारल्यावर टणत्कार करणारी आणि लेबलवर ७८ असलेली ती लाखेची. मधल्या भोकाच्या कडेला धातू दिसला तर ती लॅकरची रेकॉर्ड, म्हणजे धातूच्या चकतीवर लॅकरचा थर दिलेली. तिला हात लावू नका, जाणकाराकडे द्या. लाखेचीच असेल तर मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने कोरडी धूळ काढा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रंग-वास नसलेल्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून घट्ट पिळा आणि गोल, खाचेच्या दिशेनेच फिरवा. आडवं पुसलं तर चरे पडतात. लेबलला पाणी लागू देऊ नका. लगेच दुसऱ्या फडक्याने नुसतं डिस्टिल्ड वॉटर फिरवा, तिसऱ्याने टिपा आणि सावलीत उभी करून वाळवा. बादलीत बुडवून ठेवायची नाही, कारण आतला तंतू पाणी पितो, फुगतो आणि तडा जातो. आधीच तडकलेली असेल तर पाणीच नको, ब्रशवर भागवा.

उन्हात ठेवून सरळ करणं: साफ चूक. उन्हाने लाख मऊ पडते आणि वाक जायच्या आधी खाच बसते.

कुठल्याही प्लेअरवर वाजवा, हेही चूक. एलपीच्या पिनच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ ते २५ मायक्रॉन, ७८ ला लागतं ७५ च्या आसपास. बारीक पिन खाचेच्या तळाशी, जिथे कचरा साठलेला असतो तिथे लोळते. चावीचा ग्रामोफोन असेल तर स्टीलची पिन दर बाजूला नवी. लाखेतली दगडाची पूड पिनेला घासून खाचेच्या आकारात आणते, ते पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. बाजू संपेपर्यंत त्या पिनेला धार आलेली असते आणि पुढच्या गाण्यावर ती पटाशीसारखी चालते. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन बसवलेल्या डबीचं, रेकॉर्डवर पडणारं वजन शंभर ग्रॅमच्या वर, आजच्या प्लेअरच्या टोनआर्मचं, म्हणजे पिन धरणाऱ्या दांडीचं, तीन ते पाच. दुर्मीळ रेकॉर्ड ग्रामोफोनवर लावूच नका.

लाखो रुपयांचं म्हणाल, तर एखादी सुरुवातीच्या काळातली दुर्मीळ रेकॉर्ड चांगली किंमत आणते. घरोघरी असतात त्या सिनेमाच्या आणि भजनांच्या रेकॉर्डना चोरबाजारात कोणी फारसं विचारत नाही.

कॉपीराइटचं अर्धं खरं आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९५० च्या आधीची मुद्रणं मोकळी झाली. पण शब्द आणि चालीचा हक्क वेगळा. तो कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या मोकळ्या आहेत. अण्णा भाऊ साठे गेले १९६९ ला, म्हणजे त्यांच्या रचनांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

आता ‘आवाज नाहीसे झाले’ याबद्दल. सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली, यमुनाबाईंना २०१२ साली. त्यांची गाणी आजही ऐकायला मिळतात. त्यांना या यादीत घालणं हे निव्वळ न शोधता लिहिणं. सुंदराबाईंना मात्र लोक विसरले, हे मान्य करावं लागतं. ‘एकच प्याला’च्या १९१९ सालच्या चाली त्यांच्या, आणि बालगंधर्वांचं नाव घेणाऱ्या कितीजणांना ते माहीत असतं? प्रभातच्या ‘माणूस’ या सिनेमातली आई त्याच. पण त्यांचा आवाज गेलेला नाही. संग्राहकांनी तो जपलाय, आणि सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारखी मंडळी मुंबईत वर्षानुवर्षं हेच काम करतायत. तो राहिला तो अशाच पेट्यांमधून.

म्हणून पेटी उघडलीत तर पुसण्याच्या आधी लेबलचा फोटो काढा. गायिकेचं नाव, रेकॉर्ड नंबर आणि लेबलच्या बाहेर गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर वहीत लिहा. लेबल फाटलं तरी त्यावरून ओळख पटते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. दहा इंची एक रेकॉर्ड साधारण २०० ग्रॅमची, पन्नासांच्या चळतीत तळच्या रेकॉर्डवर जवळजवळ दहा किलो येतात. रेकॉर्डची डिजिटल कॉपी करून घ्याल तर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल मागा आणि मूळ फाइलवर खरखर काढायचा फिल्टर लावू देऊ नका. तो खरखरीबरोबर गाणारीचे स, श आणि झांजेची किणकिणही काढून टाकतो. साफ केलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करून घ्या.