चोर सोडून संन्याशाला

खात्यात किती शिल्लक आहे एवढेच मला पाहायचे होते. ‘पाहायचे’ म्हणजे ऐकायचे, कारण मला दिसत नाही आणि फोनच्या पडद्यावरचे सारे काही टॉकबॅक हा स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतो. बँकेचे ॲप उघडताच सूचना आली, की आपल्या फोनवर पडदा वाचणारी सेवा सुरू आहे, सुरक्षिततेसाठी ती बंद करावी. मी आज्ञाधारकपणे बंद केली. त्यानंतर ॲप काय म्हणाले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

त्या ॲपच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला असला, तरी त्याची भीती अगदीच खोटी नाही. अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी ठेवलेली, परवानगी मिळालेल्या सेवेला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. टॉकबॅकला नेमके हेच लागते आणि साध्या ॲपचे सोंग घेऊन खाती रिकामी करणाऱ्या ट्रोजनलाही हेच हवे असते. पण चोराच्या हातातही काठी असते, म्हणून आंधळ्याची काठी दारातच काढून घ्यायची? पडद्यावरचा नाजूक भाग केवळ अपंगांचे साधन म्हणून घोषित झालेल्या सेवांनाच दाखवण्याची सोय २०२३ साली अँड्रॉइड १४ मध्ये आली. तिची चौकशी करण्यापेक्षा दार लावून घेणे सोपे पडत असावे.

मग संगणकावरून बँकेचे संकेतस्थळ गाठले. तिथे ‘मी रोबोट नाही’ हे वाक्य माझ्या वतीने एका यंत्राच्या आवाजाने ठणकावून सांगितले, आणि साहजिकच त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. चित्रे ओळखण्याऐवजी मी ध्वनीचा पर्याय निवडला, तेव्हा पत्र्यावर पडणाऱ्या पावसात कोणीतरी आकडे पुटपुटत असल्यासारखे काहीतरी ऐकू आले. असले ध्वनिकोडे मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रोग्रॅमने २०१७ मध्ये सुमारे ८५ टक्के वेळा सोडवून दाखवले होते. माझ्या कानांचा निकाल इतका चांगला कधीच लागलेला नाही. तेव्हा या परीक्षेच्या हिशेबाने माणूस तो प्रोग्रॅम आणि यंत्र मी. लॉगिनसाठी कोडी घालू नयेत, असे डब्ल्यूसीएजी २.२ हे, संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत म्हणून ठरवलेले, निकष २०२३ पासून सांगतात खरे, पण त्यांच्या किमान पातळीवर चित्रातली वस्तू ओळखायला लावण्याची सवलत ठेवलेली आहे. (सवलत कोणाला, हे विचारू नये.)

पाचव्या प्रयत्नात कोडे सुटले आणि ओटीपी आला. फोन तो वाचू लागला, तोच संगणक “एकोणतीस सेकंद शिल्लक” म्हणाला, मग “अठ्ठावीस सेकंद शिल्लक”, मग सत्तावीस. दर सेकंदाला बदलणारा आकडा स्क्रीन रीडरने तातडीने वाचावा, अशी व्यवस्था कोणा सहृदय प्रोग्रॅमरने करून ठेवली होती. वेळ किती उरला आहे हे मला शेवटपर्यंत बिनचूक कळत होते, फक्त ओटीपी कळत नव्हता.

तिसरा ओटीपी जमला, तेव्हा पिनसाठी पडद्यावरचा कीपॅड उघडला. मागून डोकावणाऱ्याला सुगावा लागू नये, म्हणून त्यावरचे आकडे दर वेळी जागा बदलतात. मी एकेका बटणावर थांबत पिन शोधू लागलो. हेडफोनची पिन मघाच्या झटापटीत निसटली होती, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

“अहो,” शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ अदबीने म्हणाले, “मघाशी तिसरा आकडा तुम्ही सात घेतला होतात, आता नऊ घेतलात.”