जोर कमी, खाना जास्त

लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या तालमीत मी जेमतेम दीड महिना गेलो आणि त्या दीड महिन्याच्या भांडवलावर पुढची तीस वर्षे बोलत आलो. त्यामुळे इराणच्या सहलीत यझ्द शहरी आमच्या वाटाड्याने "संध्याकाळी जोरखाना, म्हणजे आमची इराणी तालीम, पाहायचा का?" असे विचारताच, "तो पाहायचा नसतो, करायचा असतो," असे उत्तर मी सहलीतल्या अकरा जणांसमक्ष आणि, जे अधिक घातक ठरले, पत्नीसमक्ष देऊन बसलो.

माझ्या आत्मविश्वासाला भाषाशास्त्राचा आधार होता. जोर, कुस्ती, पहिलवान हे आपले शब्द फारसीतूनच आलेले आहेत. ज्या व्यायामाचा निम्मा शब्दकोश आपल्या तोंडात आहे, त्याचा थोडाफार अंश दंडांतही उतरला असणार, असा माझा हिशोब होता.

जोरखान्याचे दार मुद्दाम ठेंगणे ठेवतात, म्हणजे आत येणारा कितीही मोठा असला तरी वाकूनच येतो. मीही वाकलो, परंतु कपाळ चौकटीवर आपटल्यानंतर. हा जोरखाना एका जुन्या पाण्याच्या टाकीच्या वास्तूत आहे. वर भलामोठा घुमट आणि मधोमध 'गौद' म्हणतात तो सुमारे मीटरभर खोल, अष्टकोनी आखाडा. आपल्या हौद्यातली तांबडी माती तेथे नसते, त्यामुळे पडल्यास अंगाला काही लागत नाही, फक्त लागते. एका उंच बैठकीवर 'मुर्शिद' बसतो. तो ढोल वाजवत फिर्दौसी आणि हाफिज या जुन्या फारसी कवींच्या ओळी गातो, त्याच्या तालावर सारा आखाडा हलतो आणि कोणी मानाचा पहिलवान आला की तो डोक्यावर टांगलेली घंटा वाजवतो. मी आत शिरलो आणि घंटा वाजली. मी अत्यंत संकोचाने छातीवर हात ठेवून मान लववली, तेव्हा माझ्या मागून एक सत्तरीचे गृहस्थ पुढे आले आणि सगळे त्यांच्यासाठी उठून उभे राहिले.

सुरुवात जोरांनी झाली. जमिनीवर एक बुटकी फळी ठेवून तिच्यावर हात टेकून ते जोर काढतात आणि त्याला 'शना' म्हणतात. फारसीत शना म्हणजे पोहणे. मी सातव्या शनेला बुडालो. वरच्या बाकावरून, जेथे पाहुण्या स्त्रियांना बसू देतात, मराठीत आवाज आला, "अहो, दीड महिना संपला वाटतं!"

मग आले मील, म्हणजे आपल्या मुद्गलांचे इराणी चुलते. भिंतीशी मांडलेल्या जोड्यांतून मी रंगीत आणि भरदार जोडी निवडली. ती जागची हललीही नाही. तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने "बेफर्माईद, आका," असे म्हणत अत्यंत अदबीने आपली जोडी माझ्या हाती दिली. त्या अदबीचा वळ कपाळावरच्या टेंगळाहून जास्त दिवस राहिला. दोन्ही मील छातीसमोर उभे धरायचे आणि एकेक करून खांद्यावरून पाठीमागे वळवून पुन्हा पुढे आणायचे, एवढेच काम. माझा उजवा मील मागे गेला आणि उसन्या दिलेल्या रकमेप्रमाणे परत येण्याचे नाव घेईना. मुर्शिदाच्या ते लक्षात आले असावे, कारण ढोल हळूहळू इतका संथ झाला की सगळा आखाडा झोपेत व्यायाम करीत असल्यासारखा दिसू लागला. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

कबादे मात्र मी ओळखले. ते लोखंडी धनुष्य आणि त्याला दोरीऐवजी खुळखुळणारी साखळी. आपली लेझीम याच घराण्यातली, आपण तिच्यातले लोखंड कमी करून नाच वाढवला. मी हे मोठ्याने सांगितले. ऐकणाऱ्यांनी कौतुकाने कबादेच माझ्या हातात दिले. पुढचे सांगत नाही.

अब्रूची थोडीफार भरपाई म्हणून इस्फहानला मीलांची जोडी विकत घ्यायचे ठरवले. लाकूड कातणाऱ्याला तेथे खर्रात म्हणतात आणि आपला 'खराद' त्याच शब्दाचा नातलग, हे ज्ञान मी दुकानात शिरताना सांगणार होतो. पण गुडघाभर भुशात बसलेल्या त्या कारागिराने, वांगे निवडावे तसा, माझा दंड आधी दाबून पाहिला. नंतर त्याने एक ठेंगणी जोडी काढली, दोन्ही मील आळीपाळीने तोलले, एक किंचित जड वाटला तो पुन्हा कातायला लावून चार सालपटे उतरवली आणि विचारले, "मुलासाठी ना?" मी हो म्हणालो. आम्हांला मुलगा नाही. किंमत विचारली तर म्हणतो, तुमच्यापुढे तिची काय मातब्बरी! हा तेथील 'तआरुफ' नावाचा शिष्टाचार. दुकानदाराने नको म्हणायचे, आपण आग्रह करायचा, आणि तिसऱ्या आग्रहाला आकडा बाहेर येतो. तो आकडा तोमानांत होता आणि माझ्या खिशातल्या नोटा रियालांत. दहा रियालांचा एक तोमान. त्यामुळे मी आधी दहापट स्वस्ताच्या आनंदात होतो आणि नंतर नव्हतो.

परतताना विमानतळावरील तपासणी अधिकाऱ्याने पिशवीतून मील बाहेर काढला. "हे काय?" "व्यायामाचे साहित्य." त्याने एकवार माझ्या पोटाकडे पाहिले आणि विचारले, "कोणाच्या?" मग रांग खोळंबलेली असताना त्याने दोन्ही मील उचलले, छातीसमोर धरले आणि पाठीमागून असे लीलया फिरवले की शेजारच्या रांगेतूनही वाहवा आली. हातातल्या पिशवीत ते नेऊ दिले नाहीतच. सामानात टाकायला लावून जास्तीच्या वजनाचे पैसे घेतले.

सध्या ती जोडी आमच्या बाल्कनीच्या दाराशी उभी असते. पावसाळी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून पत्नी एक मील पायाने सरकवून लावते. दुसरा तिच्याकडे राखीव आहे.